आरशासाठी थोरलं कार्ड

— तसं न्हाय शेठ, धाकटं कार्ड वाईट हाय असं म्या कुठं म्हणलं? चांगलंच हाय की. पण तुमी आत्ता म्हणलात ना, थोरलं ग्राफिक कार्ड घेतलं की चित्र अडकत न्हाय — तर म्या इचारतो ते एवढंच, त्या न अडकण्यापायी दुप्पट पैसे घालावं का? माझ्यासाठी न्हाय इचारत. नातवासाठी. कृष्णराज त्याचं नाव, पुण्याला इंजिनिअरिंगला हाय, त्याला लागतंय अभ्यासाला. आता अभ्यासात काय असतं ते मला काय कळणार — म्या एसटीतला रिटायर कंडक्टर, बेंबळीचा, ज्ञानोबा मास्तर म्हणलं की धाराशिवच्या स्टँडावर अजून चहा मिळतो — पण पोरगं म्हणतंय, सकाळच्या पारी स्टँडावर गर्दी झाली की चित्र अडकतंय, म्हणून... कुठल्या स्टँडावर? ते... अभ्यासातलंच स्टँड हाय. बरं, गेम म्हणा. कॉम्प्युटरवर बस चालवायची गेम हाय. अभ्यास करून दमलं म्हणजे खेळतंय जरा. पोरगंच हाय, त्याला काय बोलायचं.

आता फोन कशाला लावताय त्याला? आतला करंटचा सप्लाय केवढ्याचा हाय ते म्या सांगतो की, कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढून फोटोच घेऊन आलोय, हे बघा. धूळ? धूळ हाय थोडी. रोज पुसतो, पण बेंबळीत धूळ म्हणजे — व्हय, डबा बेंबळीतच हाय. पोरगं पुण्याला अन् डबा बेंबळीत. आता तुमी असं बघायला लागलात म्हणजे लपवायचं काय राहिलं? त्यानं लॅपटॉप घेतला, हे जुनं खटलं घरी आणून ठेवलं, अन् दिवाळीची सुट्टी संपवून जाताना म्हणलं, आबा, दिवसभर ओट्यावर बसून कुठली गाडी किती लेट झाली ते कशाला बघत बसता, ही घ्या गाडी, चालवा. तवापासून चालवतोय. म्याच. आमच्या मंडळीला, उमाबाईला, वाटतंय की नातवानं काहीतरी काम लावून दिलंय अन् ते म्हाताऱ्यानं चालू ठेवायचं असतं. म्याच तसं सांगितलंय. सांगावं लागतंय.

हसू नका शेठ. गाव जर्मनीतलं हाय, पण स्टँड ते स्टँडच. अन् तिथं कंडक्टरच नसतो — ड्रायव्हरनंच तिकीट फाडायचं, सुट्टे द्यायचे, मग गाडी काढायची. म्हणजे नशीब बघा, सारी नोकरी सुट्ट्या पैशात गेली, अन् आता कुठं स्टेरिंग हातात आलं तर पुढ्यात पुन्हा सुट्टेच. पहिल्याच दिवशी एक गोरा म्हातारा मोठी नोट धरून दारात उभा राहिला. म्या आपलं सवयीनं म्हणलं, उतरताना घ्या. तर उमाबाई आतून म्हणती, कुणाला उतरवताय? मग कृष्णराजनं सांगितलं, आबा, ते तिकिटाचं बंद करता येतंय. केलं बंद. आता निस्ती गाडी.

तर अडचण हाय ती फ्रिजची. तुमी फ्रिज इकत न्हाय ते दिसतंय की मला. आमचा फ्रिज गेल्या उन्हाळ्यापासून कुरकुरतोय, सकाळचं दूध संध्याकाळी नासतंय. उमाबाईनं सांगून पाठवलंय — पोराच्या अभ्यासाला धाकटं कार्ड आणा अन् उरलेल्यात फ्रिज बघून या. थोरलं घेतलं की फ्रिज गेला. अन् घरी जाऊन मला सांगावं लागंल की अभ्यास एकाएकी लई वाढला. तुमी तर इमानदारीनं सांगताय, धाकट्यावर भागंल म्हणून. दुसरा असता तर थोरलंच गळ्यात मारलं असतं. भागंल की शेठ. भागवायचंच म्हणलं तर माझं सगळं भागतंय. तीच तर खोड हाय माझी.

बरं, लावा. दोन्ही लावा शेजारी शेजारी. तुमच्याकडं बी हीच गेम हाय? मग तर झकास. हं... बघतो की, चष्मा हाय डोळ्यावर. झाडं व्हय, झाडं चांगली हायती दोन्हीकडं. कुठल्या पानांचा हिरवा? इकडं जास्त हिरवा हाय म्हणता — असंल. लाल कौलाचं घर कुठंय? हे व्हय? ते? — हे बघा शेठ, मला रंगाचं नका दाखवू. तेवढं सोडून काय बी दाखवा. का म्हणजे, दिसत न्हाय. लाल अन् हिरवं मला एकच दिसतंय, जन्मापासून. एसटीत म्या ड्रायव्हर व्हायलाच गेलो व्हतो. ट्रकवर दिवस काढलेली माणसं आमी, चाचणीला गाडी अशी रिव्हर्स लावली की साहेब खुर्चीतून उठला. मग डॉक्टरनं ठिपक्यांचं पुस्तक पुढं केलं, म्हणला, आकडा वाचा. म्या म्हणलं, साहेब, आकडा कुठं हाय, हितं तर ज्वारी सांडलीय. झालं, तिथंच संपलं. पुढं कंडक्टरची भरती निघाली, लागलो. घरी सांगितलं, कंडक्टर बरा, जोखीम न्हाय डोक्याला. वाईट वाटलं का? लई वाटलं शेठ. कुणापाशी बोललो न्हाय, तुमच्यापाशीच कसं निघालं काय की. सिग्नल? गेमातला सिग्नल कळतो की. वरचा पेटला की थांबायचं, खालचा पेटला की निघायचं.

व्हय, तेच म्या बी म्हणतो — ज्याला रंगच दिसत न्हाय त्यानं थोरलं कार्ड घेऊन काय करायचं? खरं हाय तुमचं. बांधा धाकटं. बांधा... थांबा जरा. आरसा दाखवता का? दाराच्या बाजूचा, मागचं दिसतंय तो. आमच्या डब्यावर आरसा चालू केला की गाडी लंगडायला लागती, म्हणून पोरानं आरसाच बंद करून दिलाय. अन् मागचं न बघता गाडी काढायची म्हणजे — सारी नोकरी म्या मागं उभा राहिलेला माणूस. शेवटल्या माणसाचा पाय आत आला की डबल बेल, तवा माणिकप्पा ड्रायव्हर गाडी हलवायचा. मान वळवून बघायचा न्हाय, एवढा इश्वास. आता माझ्या मागं कोण हाय बेल द्यायला? परवा एक बाई दारातच व्हती अन् म्या गाडी काढली. गेमच हाय, ती पडली न्हाय, कुणी बोललं बी न्हाय. पण मला जेवण गेलं न्हाय त्या दिवशी. उमाबाई म्हणती, अंगात कसकस हाय का? आता काय सांगू तिला, जर्मनीत बाई राहिली म्हणून?

हं, हे धाकट्यावर. बघा, निस्तं धुकं. माणूस हाय का खांब हाय, कसं कळावं? आता थोरल्यावर लावा...

दिसती की. पिशवीवाली म्हातारी, दिसती साफ. पाय उचलताना बी दिसती. सरका शेठ, जरा खुर्ची द्या मला. या बाई, सावकाश या, गाडी उभी हाय, तुमाला सोडून जात न्हाय कुणी. आली आत. दार लागलं.

वाजू द्या, माझाच फोन हाय. उमाबाई असंल. न्हाय, तुमीच उचला, अन् खरं सांगा तिला — नातवाचं काय न्हाय, म्हाताऱ्यालाच पाहिजे, अन् थोरलंच पाहिजे. म्हणावं दूध दोन्ही टायमाला ताजं आणीन, चालत जाऊन आणीन. काय म्हणती ते मला आत्ता सांगू नका. वायरला बी हात लावू नका, शेवटच्या स्टँडावर गेल्यावर बांधा. अन् तिकडं मागं बसा शेठ. चालू गाडीत ड्रायव्हरशी बोलू नये.