कूलर बंद पडला तेव्हा

हॅलो?… हॅलो, शैला?… हो, मीच अवं, रेणूच बोलून राहिली. आवाज बसला माहा… नाई, पह्यले तू रडू नको. जिवंत आहेत तुहे भाऊजी. आयसीयूत आहेत. काचेतून दिसून राहिले मले, झोपले आहेत… तू नंदिनी गावाहून निघू नको आत्ता, लय ऊन आहे… आईले काई सांगू नको, तू ऐक फक्त…

हो, हो… अवं ऐक ना! पह्यलं ऑपरेशन तं चांगलंच झालं होतं… हो, दुर्बिनीचंच. पोट फाडलं नाई. बारके बारके छेद केले, गॅस भरून पोट फुगवलं, अन् कॅमेरा आत… गाठ काढली ना, स्वादुपिंडाच्या शेपटीची… नाई, कॅन्सर नाई निघाला, देवाची कृपा. पन गाठ बसली होती मोठ्या धमनीवर. अगदी चिकटून. डॉक्टर म्हने, आधी त्या धमनीले रबराचा फासा टाकून ठेवतो. रक्त सुटलं तं फासा ओढायचा. मंगच गाठ सोलायची, कांद्याच्या पापुद्र्यासारखी…

पाह्यलं ना मी! बाहेरच्या खोलीत टीव्ही होता, तिथं दाखवलं… काय दिसलं? कसं सांगू… सगळं लाल, ओलं, चमकून राहिलं. अन् मंधात ती नस. उडून राहिली होती, धडधड. कॅमेरा जवळ गेला का मले वाटे, इले समजलं आपल्याले कोनी पाहून राहिलं… म्हन, वेडी म्हन मले.

मंग घरी आनलं. कमरेजवळ नळी, आतलं पानी बाहेर काढाले, नळीले थैली. जेवत होते, पेपर वाचत होते. एक दिवस म्हने, "रेणू, आत कोनीतरी फुंकून राहिलं."… मी बी तेच म्हनलं, गॅस असन! तं म्हने, "गॅस असा मोजून फुंकत नाई."… 

नाई, बुखार नव्हता. नुसते बसून राहत, उशी पोटावर धरून. मी बोलली का हात वर करत. थांब, ऐकू दे म्हनून… अवं, लोखंडाच्या कारखान्यात, रेल मिलमंधी जिंदगीभर क्रेन चालवनारा मानूस, कधी कशाले भ्यायला नाई… दाखवलं ना, इथंच सेक्टरमधल्या डॉक्टरले दाखवलं. मनाचे खेळ आहेत म्हने. झोपेची गोळी देल्ली.

अन् परवा सकाळी नळीत लाल आलं… नाई, थोडंसं. कुंकू कालवल्यासारखं. मी चप्पल पायात घालेपर्यंत आपोआप साफ झालं. मी म्हनलं, चला डॉक्टरकडं. तं हे हासले. म्हने, "त्यानं दार ठोकून पाह्यलं."… कोनानं? मी तेच इचारलं, शैला. तं उशी ओढली पोटावर अन् पडले.

ऐक… त्याच दुपारी लाइट गेली. कूलर बंद पडला. तुले माहीत आहे ना, दिवसभर त्या कूलरचा केवढा घरघराट. एकदम सुन्न झालं घर. हे झोपले होते गोळीनं, मी बाजूले बसून पेपरनं वारा घालून राहिली होती… अन् मले ऐकू आलं… फू… फू… फू… 

मले वाटलं, त्यायचा श्वास होय. नाकाजवळ हात धरला. श्वास हळू चाल्ला होता, अवं. वेगळाच. अन् फू-फू त्याच्याहून जल्दी… मी वाकली. उशी बाजूले केली, पोटाले कान लावला…

हॅलो? आहेस ना?… हो… तिथंच होतं ते. 

सर्जनलेच फोन लावला मी. म्हनलं, हासन तं हासू दे. नाई हासले. एकच इचारलं, "नली में खून आया था?" मी हो म्हनलं, तं म्हने, "अभी निकलिए. एक कदम भी मत चलाइए."… कवडूभाऊ धावले बिचारे, शेजारचे. त्यायनंच ॲम्ब्युलन्स बोलावली.

अवं, स्वादुपिंडाचा रस आत गळत होता. तो जिथं लागते तिथं खाते. त्यानं धमनीची भिंत खाल्ली, तिथं फुगा आला. रक्त त्या फुग्यात घुसे, त्याचा आवाज होता तो. अन् लाल पानी म्हनजे इशारा… हो, फुटनार म्हनून…

फुटलाच, शैला… नाई, रस्त्यात नाई. टेबलावर. जांघेतून तार घातली होती, ती धमनीपर्यंत पोचली अन् फुटला. मंग त्याच तारेतून बारीक बारीक स्प्रिंगा सोडल्या अन् नस बुजवली… वाचले. धोका टळला म्हनते डॉक्टर…

तेच तं. कावून खुशी नाई होऊन राहिली मले?… मले त्यायच्या जवळ जायाचं भेव वाटते. कालपासून काचेबाहेरच आहे मी. पुढं घरी नेऊ, बाजूले झोपीन, अन् अंधारात कान आपोआप तिकडंच…

थांब… थांब, उठले. माह्याकडं पाहून राहिले… हात हालवते… तोंडाले मास्क आहे ना… पोट दाखवते… आता कान दाखवते… शैला, कान लाव म्हनून राहिले ते.

नाई. नाई जात मी… तू नको सांगू मले!… सिस्टर दार उघडून राहिली… बरं… बरं. फोन चालूच ठेवते. पन तू एकदम चूप राह्य.

…

…

हं… नाई. फू-फू नाई… काईच नाई… थांब… आहे. काईतरी आहे, शैला… दूर… सरकून राहिलं इकडून तिकडं…

…अवं माय! आतडं होय! गुरगुरून राहिलं!… सिस्टर हासून राहिली. म्हने, हेच तं ऐकायचं होतं आमाले, आता डॉक्टरले इचारून पानी पाजू… रडत नाई वं मी…

हे इचारून राहिले, काय ऐकू आलं म्हनून… सांगतलं ना. म्हनलं, भूक लागली म्हनते… हो जी सिस्टर, बंद करती हूं, बस एक मि—