मोमोचा पहिला घास

(दिल्लीतलं द्वारका. शनिवारची सकाळ. लोकांनी सोडलेले गिनी पिग सांभाळणाऱ्या समताच्या हॉलमध्ये जमिनीवर धुतलेली चादर, तिच्यावर दोन गिनी पिग, भोवती तिघी बसलेल्या.)

निधी : दात वाजतायत मोमोचे. थंडी वाजतेय का?

समता : थंडी काहून वाजेल, ताई? राग आला तिला. दात वाजवले म्हणजे जवळ येऊ नको. चल बिजली, ये इकडे. उचलून घेते मी हिला.

निधी : अरे यार! किती गोड आहे बिजली. लहान आहे, हेल्दी आहे. मी तर तुम्ही पाठवलेला फोटो बघूनच ठरवलं होतं, हीच न्यायची.

समता : फोटो तुम्ही पाहिला. मोमोनं कुठं पाहिला?

सरला : मी म्हटलं होतं निधीला, आठवडा नाही झाला चटणीला जाऊन. जरा सुतक फिटू दे.

निधी : आई, गिनी पिगला सुतक नसतं.

सरला : नसेल. पण ही पाळतेय. चटणी निजायची त्याच कोपऱ्यात तोंड घालून बसते दिवसभर.

समता : बहिणी होत्या का दोघी?

निधी : हो, एकत्रच आणलेल्या. वृंदाने, माझ्या मुलीने. मोमो आणि चटणी, नावंही तिचीच. मग बाईसाहेब पुण्याला हॉस्टेलला गेल्या आणि दोघी पडल्या माझ्या सासूबाईंच्या गळ्यात. रविवारी चटणी गेली. तेव्हापासून ही अशी. डॉक्टर म्हणाले, एकटं राहणं ह्यांना झेपत नाही, जोडीदार आणा. तोवर गवताची पेज सिरिंजने भरवतोय. सकाळी मी, रात्री माझा नवरा, मानस.

समता : आपल्या मनानं काहीच खात नाही?

निधी : रात्रीतून थोडं सुकं गवत कुरतडते. बस. आधी फ्रिज उघडला की शिट्ट्या मारून घर डोक्यावर घ्यायची. कोथिंबिरीसाठी.

समता : राहू द्या तिला जरा निवांत. मग दुसरा गिनी पिग आणते, वकीलसाहेब नाव त्याचं. तोवर पोहे घ्या. सकाळीच केले, वर ओतायला झणझणीत तर्री पण आहे.

निधी : मला नको, थँक यू. मला अजून नोएडा गाठायचंय, शनिवारी पण ऑफिस.

समता : मावशी, तुम्ही?

सरला : नको गं. उपास आहे आज.

समता : मग चहा?

सरला : चहाही नको. तू त्रास नको घेऊस.

समता : बरं जी. दारातली बुद्धमूर्ती पाहिली की पुष्कळांना उपास आठवतो. आम्ही चंद्रपूरचे, तिथंही पाहिलं, इथंही पाहिलं. सवय आहे मला. तुम्ही मनात नका आणू, जनावर न्यायला त्याची काही आडकाठी नाही.

सरला : अगं बाई, काय बोललीस हे!

निधी : नाही नाही, समता, तसं बिल्कुल नाहीये! आईंचा खरंच उपास असतो. तुम्हाला माहीत नाही, आमच्याकडे कॅलेंडर त्यांच्याच उपासांवर चालतं. सोमवारी महादेवाचा होता. मंगळवारी चतुर्थी. बुधवारी...

समता : बुधवारी पण?

निधी : बुधवारी नव्हता. बुधवारी साबुदाण्याने पित्त झालं म्हणून जेवल्या नाहीत. गुरुवारी दत्ताचा. काल देवीचा. आज... एक मिनिट. आई, आज कुणाचा?

सरला : मारुतीचा.

निधी : तुम्ही शनिवार कधीपासून धरायला लागलात? आणि गुरुवार, शुक्रवार? तुमचा सोमवार असतो आणि चतुर्थी.

सरला : धरला ह्या वेळी.

निधी : आई, इकडे बघा. रविवारपासून तुम्ही जेवलाच नाही आहात?

सरला : दूध घेते की. केळं घेते. राजगिऱ्याचा लाडू होता.

निधी : आणि बीपीची गोळी? ती तशीच, रिकाम्या पोटी? म्हणजे परवा लिफ्टमध्ये चप्पल सरकली नव्हती तुमची!

सरला : हळू बोल गं. ती दचकते.

निधी : मानसला मी म्हटलंसुद्धा, आई जरा उतरल्यात. तर तो म्हणाला, काहीतरी व्रत चालू असेल. आणि मी म्हटलं, हो, असेल.

सरला : असतंच ना नेहमी काहीतरी. त्यामुळे कुणी विचारलं नाही. मलाही सांगावं लागलं नाही.

समता : पण काहून, मावशी?

सरला : हसाल तुम्ही दोघी.

समता : मी नाही हसत.

सरला : आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये होतो ना, तेव्हा हे रोज गोग्रास घालायचे. फाटकापाशी एक तांबडी गाय यायची. ह्यांची ऑफिसची बस चुकली तरी चालेल, गाईचा घास चुकला नाही. ते गेले आणि मी इथे आले, नवव्या मजल्यावर. तिथे गाय कुठून आणू? सोसायटीचा गार्ड तर कुत्र्यालाही आत सोडत नाही. मग ह्यांच्या वर्षश्राद्धाला मनाशी ठरवलं, नैवेद्याच्या ताटातली कोथिंबिरीची काडी ह्या दोघींना द्यायची. मुका जीव तो मुका जीव. त्यांनी आनंदाने घेतली की मग आपलं ताट वाढायचं.

निधी : आणि आता मोमो घेत नाही.

सरला : हुंगतसुद्धा नाही. तोंड फिरवते.

निधी : पण तिच्या पोटात जातंय, आई! सिरिंजने जातंय ना रोज!

सरला : तोंड उघडून घातलेलं ते औषध, निधी. तो घास नव्हे.

निधी : मला सांगायचं तरी.

सरला : कधी सांगू? तू सकाळी उभ्याने चहा पितेस आणि रात्री लॅपटॉपसमोर जेवतेस. तुझी तक्रार नाही गं, तुझं काम आहे ते. मानसचं तर काही विचारूच नकोस. मी आपली दुपारी ताट घेऊन त्यांच्या पिंजऱ्यापाशी बसायची. त्या दोघी कुरूकुरू खायच्या, माझंही जेवण व्हायचं.

समता : मावशी, मघाशी मी भलतंच बोलून गेले.

सरला : भलतं कशाला? तुला अनुभव आला असेल म्हणून बोललीस. आमच्यासारख्यांकडूनच आला असेल.

समता : थांबा, वकीलसाहेबांना आणते.

निधी : आई, घरी गेल्यावर पहिलं जेवायचं. मी हाफ डे टाकते.

सरला : ती जेवली तर.

निधी : यह क्या ज़िद है, आई!

समता : हे पाहा. काळा कोट, गळ्याशी पांढरी पट्टी. म्हणून वकील. पानिपतहून आला. चादरी विणण्याचा धंदा होता त्या लोकांचा, सगळे परदेशात गेले, याला पिंजऱ्यासकट माझ्याकडे ठेवून गेले. ऑपरेशन झालेलं आहे, पिल्लांची भीती नाही.

सरला : पानिपतहून जिवंत आला म्हणजे चिवट असणार.

निधी : कान फाटलाय त्याचा. वय काय?

समता : पाचाच्या वर असेल.

निधी : पाच? आणि हे जगतात किती?

समता : सहा. सात. कोणी आठ.

निधी : मग नको. सॉरी, समता, पण नको. वर्षभरात हा जाणार. मग पुन्हा मोमो कोपऱ्यात, पुन्हा सिरिंज, पुन्हा ह्या उपाशी. जाणूनबुजून म्हातारं जनावर कशाला घ्यायचं घरात?

सरला : एक आहे, तेवढं पुरे.

निधी : आई! मी तसं म्हटलं का?

सरला : नाही म्हटलंस. मला माहीत आहे.

निधी : तुम्ही ना... मी फक्त म्हणतेय, बिजलीला अजून एकदा ठेवून बघू. सवय होईल मोमोला.

समता : ठेवू ना. आधी याला एकदा सोडून पाहू, मग तुम्ही म्हणाल तसं. मधे हा खोका ठेवते, दोन्हीकडून दार आहे. कोणालाही वाटलं तर निघून जाता येतं. आणि हे गवत. आता कोणी बोलू नका.

सरला : कुठे गेला तो?

समता : गेला नाही, बसला. पाहा, तिच्याकडे ढुंकूनही नाही पाहिलं. पाठ करून खाऊन राहिला.

निधी : हे काय, भेटला पण नाही तिला.

समता : बिजली सरळ तिच्या तोंडावर जाऊन उभी राहिली होती. याला घाई नाही.

सरला : दात नाही वाजले मोमोचे.

समता : नाही वाजले.

सरला : निधी, माझ्या पर्समध्ये ओला रुमाल आहे बघ. त्यात काडी आहे आजची.

निधी : तुम्ही इथेसुद्धा घेऊन आलात?

सरला : नैवेद्य तर झाला होता ना घरी. दे.

समता : हातानं नका देऊ, मावशी. तिच्या अंगावर हात नको आत्ता. मधे टाका नुसती.

सरला : ही टाकली. अगं, पण ती तर त्यानेच उचलली!

निधी : बघा, वकील तो वकील.

समता : शू.

सरला : उठली.

निधी : कोण? मोमो?

सरला : कोपऱ्यातून उठली. अगं, त्याच्याकडेच चाललीय. चावेल का तो?

समता : पाहू द्या.

निधी : ओह! आई, तिने दुसरं टोक पकडलं! ओढतेय!

समता : आणि त्यानं सोडलं. पाहिलं? सोडून देलं त्यानं.

निधी : खातेय. आई, खातेय ती! सगळी खाल्ली. मी व्हिडिओ पण नाही काढला!

सरला : माझ्या हातचं नाही घेतलं पण.

निधी : प्लीज आई, आता हे नका काढू.

सरला : त्याच्या तोंडातलं घेतलं तिने. तो माझा घास कसा म्हणायचा? मनाला पटायला हवं ना.

समता : मावशी, मी व्रत करत नाही, मला त्यातलं कळत नाही. एकच विचारू? काडी कोणाच्या घरून आली?

सरला : माझ्या.

समता : मोमोनं जबरदस्तीनं खाल्ली?

सरला : नाही गं. चालत गेली ती.

समता : मग?

निधी : आई?

सरला : पोहे गार झाले असतील ना, समता?

समता : गरम करते! आत्ता करते. एका मिनिटात.

निधी : आई, रडताय?

सरला : छे. गवताचं कुसळ गेलं डोळ्यात. तू बिजलीचं म्हणत होतीस.

निधी : काही नाही. वकीलसाहेबांना न्यायचं. पुढचं पुढे बघू.

सरला : म्हातारा आहे तो.

निधी : आई, आता तुम्ही मला मारा दोन, पण हे बोलू नका.

समता : हे घ्या, मावशी. लिंबू पिळलं आहे. तर्री वेगळी ठेवली, तुमच्या पोटाला आज नको. हळूहळू खा.

सरला : शेंगदाणे छान खमंग आहेत गं. मीठही बेताचं.

निधी : मी जरा बाहेर जाऊन मानसला फोन करते. पिंजरा धुऊन ठेवायला सांगते, तोवर तुम्ही खाऊन घ्या.

सरला : नंतर कर. निधी, बस ना इथे, माझ्यासमोर.

निधी : खरंच भूक नाहीये मला, आई.

सरला : खाऊ नकोस. नुसती बस.