पत्र्यातून आलेला दगड

उल्का म्हटलं की तुम्हाला आभाळ आठवत असेल, मला फोन आठवतो. त्या सकाळी पालक निवडत बसलो होतो. चाकणहून सलीमभाईंचा फोन आला. माझा मुलगा नितीन त्यांच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवतो.

"भाऊ, आभाळातून दगड पडला! पत्रा फोडून थेट लेथवर!"

"नितीन कुठंय?"

"काळा कुळकुळीत हाय. मॅग्नेट चिकटतोय!"

"सलीमभाई, नितीन?"

"आणि गरम नाही हो, गारच..."

बायकोच्या अपघाताचा फोन आला, तेव्हाही तिकडचा माणूस आधी स्कूटरचंच सांगत बसला होता. मी ओरडलो, "माझा मुलगा कुठंय?"

"अहो, मॅग्नेट त्यानंच तर लावलाय!"

मागून नितीन हसत म्हणाला, "बाबा, बघायला या ना."

नितीन रोज जिथं उभा राहतो, तिथंच पडलेला तो दगड बघायला मी अजून गेलेलो नाही.