तो बोलायला लागला तर

थोरली: ते आधी काढ अंगातून. सुती आहे ते.

धाकटी: अगं ताई, सुतीच बरं ना? घाम शोषून घेतं.

थोरली: घेतं, आणि सोडत नाही. डोंगरावर वारा सुटला की तोच गार घाम पाठीला चिकटून बसतो. घरात मिरवायला ठीक आहे. वर छान दिसायचंय असं कुणी सांगितलं तुला?

धाकटी: दिसण्याचं कुठे काढलं मी?

थोरली: तू नाही काढलंस. ओठ तेवढे रंगवून आलीस.

धाकटी: लिप बाम आहे गं तो! तूच म्हणालीस, वर ओठ फुटतात.

थोरली: गुलाबी आण असं नव्हते म्हणाले. बरं, सॅकमध्ये सगळ्यात वर काय?

धाकटी: रेनकोट. पाऊस आला की पटकन काढायला.

थोरली: ‘आला की’ नाही. येताना दिसला की. ऊन असलं तरी समोरच्या कड्याकडे नजर ठेवायची. कड्यावर ढग येऊन बसला, वारा एकदम फिरला, की पुढचा विचार न करता अंगात घालायचा. भिजल्यावर रेनकोट घालणारे आम्ही पुष्कळ पाहिलेत.

धाकटी: आम्ही म्हणजे तू आणि भाऊजी.

थोरली: आम्ही म्हणजे आम्ही. आता कोरडे कपडे. नुसते कोंबू नकोस, प्लास्टिकच्या पिशवीत घाल आणि तोंड पिळून गाठ मार.

धाकटी: सॅकला वरून कव्हर आहे की.

थोरली: वाऱ्यात ते पतंगासारखं उडून जातं. मार गाठ. आणि चालताना कितीही थंडी वाजली तरी त्या कपड्यांना हात लावायचा नाही. ते थांबल्यावर. सगळंच भिजवून बसलीस तर रात्री काय घालशील, माझं नशीब?

धाकटी: तुझं नशीब मला होणार नाही गं, तू माझ्यापेक्षा जाड आहेस.

थोरली: हस. हस मेले. ते लाल जाकीट घाल बघू.

धाकटी: हे तुझं आहे.

थोरली: माहीत आहे मला माझं कुठलं ते. घाल. चेन लागते?

धाकटी: लागली.

थोरली: सरळ वर गेली?

धाकटी: हो. का?

थोरली: काही नाही. माझी पोटावर अडते हल्ली.

नवरा (बाहेरून): झालं का?

थोरली: नाही!

धाकटी: बघ, हे असे. सकाळपासून एवढंच बोलले. दोन दिवस मी यांच्याशी काय बोलणार आहे देव जाणे.

थोरली: काल शेगडी पेटवून बघताना बरा खिदळत होता तुझ्याबरोबर.

धाकटी: माझी भुवई जळता जळता राहिली म्हणून!

थोरली: माझा गुडघा फुटला तेव्हा नाही हसला.

धाकटी: हसायला हवं होतं?

थोरली: इतकी वर्षं डोंगर चढणारी बाई बाथरूममध्ये साबणावरून घसरली. कुणीतरी हसायला हवंच होतं. तो नुसता डॉक्टरला फोन लावत बसला.

धाकटी: ताई, तो वरच्या फळीवरचा थर्मास काढू?

थोरली: राहू दे. जड होतो.

धाकटी: पण भाऊजी म्हणाले, ताई दरवेळी नेते.

थोरली: भाऊजी म्हणाले. बरंच काय काय म्हणायला लागलेत तुझे भाऊजी.

धाकटी: हे बघ, तुझं काय चाललंय ते मला कळत नाही असं समजू नकोस. मी नाही जात. हे घे तुझं जाकीट.

थोरली: घाल परत. आणि त्याला एकटा पाठवू? मी घरी बसले म्हणून तो थांबणाऱ्यातला नाही. सगळ्यांना सोडून तुला बोलावलं ते मीच ना?

धाकटी: मग टोमणे कशाला मारतेस?

थोरली: कारण बोलावल्या क्षणापासून जळतेय मी. सांगून टाकते, झालं. तुझ्यावर संशय नाही, त्याच्यावरही नाही. पण माझ्या जागी तू चालणार हे बघवत नाही. तूच कशाला, उद्या त्याच्या पुढून एखादी शेळी चालली तरी मला बघवायचं नाही.

धाकटी: शेळी! छान. म्हणजे त्यांनी सांगितलेलं मी तुला सांगायलाच नको.

थोरली: काय सांगितलं त्याने?

धाकटी: काही नाही.

थोरली: काय सांगितलं?

धाकटी: मी पुढे चालायचं. ते मागे राहणार.

थोरली: असं म्हणाला?

धाकटी: अगं, हळू चालणाऱ्याने पुढे राहायचं असतं, म्हणून. मी मागे पडले तर धुक्यात हरवेन, असं म्हणाले. त्यात काय एवढं? ताई? बोल ना काहीतरी. तू बोलत नाहीस तेव्हा मला भीती वाटते तुझी.

(थोरली कुबडी टेकत उठते, खोलीचं दार लोटते आणि परत येऊन पलंगावर बसते.)

थोरली: ऐक. हे एकदाच सांगणार आहे. त्याला थंडी वाजते हे तो कधी कबूल करत नाही.

धाकटी: बरं. मग मला कसं कळणार?

थोरली: तो बोलायला लागतो.

धाकटी: कोण, भाऊजी?

थोरली: एका वर्षी खिंडीच्या वर गारांनी गाठलं आम्हाला. सकाळी निघालो तेव्हा आभाळ निळंशार होतं. साहेबांनी रेनकोट सॅकच्या तळाशी ठेवलेला, तो काढेपर्यंत चिंब झाला. मग खडकाच्या आडोशाला बसलो, आणि हा बोलायला लागला. एवढं गोड, एवढं गोड, की लग्नात सुद्धा नव्हता बोलला.

धाकटी: काय म्हणाले?

थोरली: म्हणाला, मी डोंगर बघतच नाही कधी. तुझ्या टाचा बघत चालतो. इतकी वर्षं तुझ्या टाचा पुढे आहेत म्हणून मला रस्ता शोधावा लागला नाही.

धाकटी: ताई...

थोरली: थांब, पुढे ऐक. मी विरघळले. आणि मग बघितलं तर त्याला स्वतःच्या जाकिटाची चेन धरता येईना. शब्द जड यायला लागलेले, दारू प्यायल्यासारखे. थंडी वाजते का विचारलं तर म्हणे छे, मस्त वाटतंय. थंडी डोक्यात चढली होती त्याच्या. तो बोलत नव्हता, थंडी बोलत होती.

धाकटी: मग नंतर?

थोरली: खाली आल्यावर विचारलं. म्हणाला, मी? मी काय बोललो? काही म्हणजे काही आठवत नव्हतं. तेवढं एकच बोलला तो मला आयुष्यात, आणि तेही आजारपणात.

धाकटी: हे तू कधी सांगितलं नाहीस कुणाला.

थोरली: तुलाही सांगणार नव्हते. थर्मास उगाच नव्हता जड झाला. वाटलं, जाऊ दे, एवढं एक तरी माझ्याकडे राहू दे. पण तू पुढे चालणार. तुझ्या टाचा बघून उद्या तो तुलाही काहीतरी म्हणाला, आणि तू लाजत बसलीस तर? तुझं लाजणं होईल, आणि माझा नवरा जाईल.

धाकटी: मी नाही लाजणार.

थोरली: लाजशील. मी लाजले होते. काढ तो थर्मास. चहात साखर भरपूर घाल, तो नको म्हणेल, तरी घाल. आणि तुझ्या सॅकमध्ये राहू दे, त्याच्या नको.

धाकटी: आणि ते बोलायला लागले की काय करायचं? नीट सांग.

थोरली: आडोसा बघायचा. ओलं काढून कोरडं घालायचं, कानटोपी आधी. गोड चहा घोट घोट पाजायचा आणि धड चालता आलं की सरळ खाली फिरायचं. तो म्हणेल, आणखी थोडंच वर आहे. त्याचं थोडं कधीच थोडं नसतं. ऐकायचं नाही. आणि नुसता थरथरत बसला, चालता येईना, तर हलवायचं नाही, झोपायच्या पिशवीत घालून मदतीला फोन लावायचा. पाठ झालं?

धाकटी: झालं. पण ताई, थंडी कुठून आणेल गं तुझ्या टाचा? त्यांच्या मनात होतं तेच आलं असेल ना ओठांवर?

थोरली: ते मला उगाच शिकवू नकोस. रात्र रात्र विचार केलाय त्याचा.

नवरा (बाहेरून): झालं का?

थोरली: झालं! येतेय ती!

धाकटी: एक विचारू? त्या दिवशी थर्मास होता ना तुझ्याजवळ?

थोरली: हातातच होता.

धाकटी: मग लगेच पाजलास चहा?

थोरली: नाही. आधी त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं. तू होऊ देऊ नकोस.