जयवंताबाई कशी पडली

न्हाई न्हाई ताई, तुम्ही खुर्चीवरच बसा, खाली नर्सबाईचं अंथरूण हाय — बेबीनंदा तिचं नाव, तुमच्या विमा कंपनीच्या पॉलिसीतूनच भेटली. दिवसा ही, रात्री दुसरी. काय म्हणले? पडली कशी? सांगितलं की — जिन्यावरून. पाय घसरला. फारमात तेच लिहिलं, आताबी तेच सांगून राह्यलो.

ही भिंतीकडं तोंड करून पडलेली, हीच जयवंताबाई, माझी मंडळी. बोला तिच्याशी, पण ती बोलंल याचा नेम न्हाई. विसरायची बिमारी — चार वर्षं झाले. आधी गॅसवरचं दूध विसरायची, मंग पप्पूला, आमच्या लेकाला, ‘तुम्ही कोन्या गावचे’ म्हणाया लागली. तो पुण्याला कामाला, पॉलिसी त्याच्या कंपनीतून, आम्हा दोघांचं नाव त्यात. एकटा माणूस चोवीस तास किती पाहील, ताई? लुगडं मी बदललं, न्हाऊ मी घातलं, घास मी भरवला — लाज कशाची, बायको हाय. पण हिला एका जागी बसणं माहीत न्हाई. मेंढरं हुडकायची. मेंढरं विकून वीस वर्षं झाले, पण दार उघडं दिसलं की निघाली — एकदा तर आपल्या आष्टी गावाच्या बाहेर, परतूरच्या रस्त्याला सापडली, अनवाणी. तव्हापासून मी संडासला जायचं म्हणलं तरी बाहेरून कुलूप घालून.

मंग पप्पूनं तुमच्याकडं फोन लावला, नर्स पाहिजे म्हणला, रातंदिवस. मलाबी बोलाया लावलं. तिकडून एक पोरगी — लई गोड बोलली — ‘बाबा, पेशंट दवाखान्यात ॲडमिट झाला अन् मंग घरी आला, तरच नर्स भेटते. नुसत्या विसरण्याला न्हाई.’ म्हणलं ठीक, ॲडमिट करतो. जालन्याला नेलं. डॉक्टर म्हणले, हिला भरती करून काय करू, अंगानं खडखडीत हाय. बराबर हाय त्यांचं. खडखडीतच होती.

त्याच्या तिसऱ्या दिवशी पडली.

न्हाई, तसं काही न्हाई — तसं लिहू नका. दुपार होती. मी खाली ओट्यावर, दोन दिवस डोळ्याला डोळा न्हाई. कुलूप? कुलूप ऱ्हायलं त्या दिवशी. ही गच्चीवर गेली, तिथून तिला मेंढरं दिसायची. उतरताना भिंतीच्या अंगानं यायचं, तर उघड्या बाजूनं यायली होती. मला दिसून राह्यलं होतं. पाऊल निम्मं पायरीवर, निम्मं हवेत. तुम्ही म्हणाल, धावले का न्हाई? धावून काय पोचलो असतो, सत्तरीचा माणूस! पण हाक — ताई, माझं नाव विसरली ती, लेकाचं विसरली, पण ‘ए बये’ म्हणलं की जागच्या जागी थांबायची. बिलकुल थांबायची. मी तोंड उघडलं होतं. उघडलं होतं अन् — त्या पोरीचा आवाज आला कानात, ॲडमिट झाला तरच. एवढंच. पाऊल खाली पडायला जेवढा टाइम लागतो, तेवढाच.

खुब्याचं हाड मोडलं. जालन्याच्या दवाखान्यात तिला आत नेलं अन् मी बाहेर बाकड्यावर झोपलो — अशी झोप लागली, अशी लागली, की ऑपरेशनच्या कागदावर अंगठा घ्यायला लोकांनी हलवून उठवलं मला.

आता उठत न्हाई ती. हात लावला की कळवळती, अन् हात कोनाचा ते पाहतबी न्हाई.

काय? नर्स रविवारपर्यंतच? अन् त्याच्या पुढं? — पुढं न्हाई म्हणता?

पेन का ठेवलं तुम्ही? लिहा ना. घसरली म्हणून लिहा, न्हाईतर जे ऐकलं ते लिहा, मला आता — उठा ताई. जा तुम्ही. जीप भेटंल कोपऱ्यावर. जा म्हणलं ना.