जेवलीस का राणी?

आखातातल्या खलिफा सिटीत कुत्र्यांच्या दवाखान्यात दोन मराठी बायका शेजारी बसल्या होत्या. कुमुदताईंच्या मांडीवर चकली नावाची कुत्री होती.

“कुमुदताई, घरात कुत्रं नको म्हणून तुम्हीच भांडत होतात ना?”

“होते. पण हे ऑफिसमधून आले की दारातूनच विचारतात, ‘जेवलीस का राणी? कंटाळलीस का गं?’”

“तुम्हाला?”

“हिला. मला आल्या आल्या अरबीत हुकूम, ‘यल्ला, चहा’.”

“मग राग येत नाही?”

“यायचा. आता स्वयंपाकघरातून मीच उत्तर देते. ‘जेवले, पण पाय दुखतायत.’”

“मग?”

“परवा हिचे पाय चेपत बसले होते. म्हणाले, तुझेही आण इकडे.”

“हिला झालंय काय?”

“दोनदा शिंकली. हिला काही झालेलं मला परवडायचं नाही.”