बारा गुरू आन् एक बुरशी

अगं, धंदा शिकवणाऱ्या बारा गुरूंना मी मोबाईलवर फॉलो करत हुते, तरी माज्या कांदा-लसूण मसाल्याला बुरशी येतच हुती! आमचे हे मिलिट्रीतनं रिटायर झालेले. म्हणाले, "समद्यांना एकच सवाल टाक. बुरशी का येती?"

अकरा जणांचं एकच उत्तर आलं, "आमचा कोर्स जॉइन करा."

बाराव्या गुरूनं, शिराळ्याच्या एका बाईनं मात्र मलाच उलट इचारलं, "ताई, मसाला गरम असतानाच डबा बंद करताय व्हय?"

मी तर उडालेच! मी तसंच करत हुते गं! आतल्या वाफेचं पाणी हुऊन बुरशी धरत हुती. तवापासनं मसाला गार करूनच डबा बंद करते, एकबी डबा खराब झाला न्हाई.

ह्यांनी मोबाईल बघितला आन् हुकूमच सोडला, "हिला ड्युटीवर ठेव. बाकी समद्यांना पेन्शनीत काढ!"